गाण्यांचे गायरान

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, जेथे टेनेसीची सरहद्द अगदी जवळ येते, तेथे क्लिंच नावाचा एक लांबच लांब पर्वत पसरलेला असून त्याच्या दोन अंगांस दोन खोरी आहेत. एका खोऱ्याची जमीन सकस म्हणून लोक त्यास श्रीमंत खोरे म्हणतात. दुसऱ्यातील माती हलकी, उताराची आणि दगडगोट्यांची असल्यामुळे त्याच्या वाट्यास गरीब खोरे हे नाव आले. या गरीब खोऱ्यात, स्कॉट परगण्यातील मेसेस स्प्रिंग नावाच्या वस्तीत, 15 डिसेंबर 1891 रोजी ऑल्विन प्लेझंट डिलेनी कार्टर याचा जन्म झाला. ज्या संगीतास पुढे 'कंट्री' हे नाव व त्याबरोबर अमाप द्रव्य प्राप्त झाले, त्याच्या आद्य गीतकारांत या कार्टरची गणना होते. आणि तरीही त्याच्या नावावर नोंदलेल्या गीतांची एकेक करून चौकशी करू लागल्यास असे आढळते की, त्यांतील बरीचशी गीते त्याच्या जन्मापूर्वीही कोणी ना कोणी गात होते. हे वाचून त्यास चोर ठरविण्याची घाई कोणी करू नये, आणि त्याच्या गौरवार्थ उभारलेल्या फलकांवरून त्यास स्वयंभू कवीही समजू नये. गीताची मालकी म्हणजे काय, ती कोणाकडून कोणाकडे जाते आणि जाताना काय गमावते, हा प्रश्न त्याच्या चरित्रात जितक्या स्पष्टपणे दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो, म्हणून त्या दृष्टीने हे चरित्र पाहण्यासारखे आहे.

त्या डोंगराळ मुलखात गाण्यांचा साठा निरनिराळ्या वाटांनी येऊन जमला होता. स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड व इंग्लंड येथून आलेल्या वसाहतवाल्यांनी खून, विरह आणि दर्यावरील अपघात यांच्या लांबलचक कथागीतांचे गाठोडे बरोबर आणले होते. चर्चमधून उपासनागीतांच्या छापील पोथ्या फिरत, आणि त्यांतील स्वरचिन्हे चौकोनी, त्रिकोणी अशा आकारांची असत, म्हणजे ज्यास संगीतशास्त्राचा गंध नाही त्यासही स्वर ओळखता यावा. शहरातील दिवाणखान्यांत पियानोवर म्हणण्यासाठी एकोणिसाव्या शतकात छापलेली भावविवश गीते खेड्यात पोचेपर्यंत आपल्या कवीचे नाव वाटेतच टाकून देत. रेल्वेच्या आणि कोळशाच्या खाणींच्या कामावर आलेल्या निग्रो मजुरांनी आपले ब्लूज व आपली भक्तिगीते त्यात मिसळली. हा सारा ठेवा गावच्या गायरानासारखा होता: ज्याची इच्छा असेल त्याने आपले जनावर तेथे चारावे, कोणी कोणास मज्जाव करू नये, आणि त्या भूमीचा सातबारा कोणाच्या नावे आहे असा प्रश्नही कोणाच्या मनात येऊ नये.

कार्टरच्या घरी या सर्व वाटा येऊन मिळत. बाप बॉब हा तरुणपणी बँजो वाजवी, परंतु लग्नानंतर धर्माचरणास बाधक म्हणून त्याने ते वाद्य सोडले. आई मॉली हिला जुनी कथागीते मुखोद्गत होती. आणि मामा फ्लँडर्स बेज हा गायनशाळा चालवून मुलांस आकारचिन्हांवरून गाण्यास शिकवीत असे. ऑल्विनच्या हातांना जन्मापासून कंप होता आणि पुढे तो आवाजातही उतरला. तो पोटात असताना आईच्या अगदी जवळ वीज पडली होती, त्याचाच हा परिणाम, असे घरातली माणसे सांगत. एका जागी स्वस्थ बसणे त्यास कधीच जमले नाही. चालत असतानाच त्याचे विचार चालत. हातात एखादे काम घेऊन तो निघे आणि ते काम वाटेतच विसरून भलत्याच गावी पोचे. अशा मनुष्याकडून शेती नेटाने होणे कठीणच होते. काही काळ त्याने इंडियाना राज्यात रेल्वेवर मजुरी केली, तेथे विषमज्वर झाल्यामुळे परत आला, आणि त्यानंतर फळझाडांची कलमे घरोघर फिरून विकण्याचा धंदा त्याने पत्करला. पायपीट, परक्याच्या अंगणात उभे राहणे आणि घरधन्याशी गोष्टी करीत करीत आपले काम साधणे, हे या धंद्याचे तिन्ही गुण त्यास पुढे दुसऱ्याच कारणासाठी उपयोगी पडले.

कलमे विकता विकता क्लिंच पर्वत ओलांडून श्रीमंत खोऱ्यात, कॉपर क्रीकच्या काठी गेला असताना, एका घराच्या पडवीत ऑटोहार्प हे तंतुवाद्य मांडीवर घेऊन गात बसलेली सारा डॉहर्टी त्यास दिसली, अशी कुटुंबातील आख्यायिका आहे. आख्यायिकेत किती तथ्य आहे हे सोडून दिले तरी 18 जून 1915 रोजी त्या दोघांचे लग्न झाले हे निश्चित. साराचा आवाज खालच्या पट्टीतला, ठाम आणि अलंकारहीन होता. दुःखाचे गाणेही ती हुंदका न देता, एखाद्या साक्षीदाराने जबानी द्यावी तशा निर्विकारपणे म्हणे, आणि त्यामुळेच ऐकणाऱ्याचे अंतःकरण अधिक हले. पुढे 1926 साली ऑल्विनचा धाकटा भाऊ एझ्रा याने साराची मावसबहीण मेबेल अॅडिंग्टन हिच्याशी लग्न केले आणि मेळा पुरा झाला. वयाने सर्वांत लहान असलेल्या या मुलीने गिटारवर एक स्वतंत्र रीती बसविली होती: अंगठ्याने खर्जाच्या तारांवर गाण्याची चाल वाजवावयाची आणि त्याच वेळी बोटांनी वरच्या तारा झंकारून ठेका धरावयाचा. त्यापूर्वी अशा मेळ्यांत गिटारकडे केवळ साथीचे काम असे. मेबेलच्या हाती ते प्रमुख वाद्य झाले. ऑल्विन स्वतः मधूनमधून खर्जात सूर मिसळी. कधी मिसळावयाचा हे मात्र आगाऊ ठरलेले नसे, आणि गाणे चालू असता तो खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला तरी दोघी जावा थांबत नसत.

हे सारे आपल्या ठिकाणी राहिले असते, आणि खोऱ्यातील चर्चमध्ये व शेजाऱ्यांच्या अंगणात गाऊन त्यांची उमर सरली असती, पण राल्फ पीअर नावाचा एक व्यापारी इसम त्या प्रांती आला. ग्रामोफोनच्या धंद्यात मुरलेल्या या गृहस्थाने 1923 साली अटलांटा येथे फिडलवादक जॉन कार्सन याच्या तबकड्या काढल्या होत्या, आणि शहरातील रसिकांना हास्यास्पद वाटणाऱ्या त्या आवाजास खेड्यापाड्यांतून गिऱ्हाईक मिळते हे पाहून त्याचे डोळे उघडले होते. परंतु त्याची खरी चतुराई दुसरीकडेच होती. 1909 च्या अमेरिकन कायद्याने तबकडीवर उतरलेल्या प्रत्येक गीतामागे दोन सेंटांचा हक्क त्या गीताच्या मालकास ठरवून दिला होता. डोंगरातील गाण्यांना मालकच नव्हता. तेव्हा जे गीत कोणाच्या खाती दाखल नाही, ते थोडा फेरफार करून एखाद्या गायकाच्या नावे नोंदवावे आणि त्याचे मुखत्यारपत्र आपल्याकडे घ्यावे, म्हणजे तबकडी जेथे जेथे विकली जाईल तेथून वसूल येत राहील, हे त्याने ओळखले. व्हिक्टर कंपनीस त्याने असे सुचविले की, मला पगार नको, गीतांचे हक्क तेवढे माझ्याकडे राहू द्या. कंपनीस हा सौदा स्वस्त वाटला. पीअर मात्र त्यावर गबर झाला, आणि 1928 च्या आरंभी या हक्कांसाठी त्याने सदर्न म्युझिक ही स्वतंत्र पेढी उघडली.

1927 च्या जुलै महिन्यात पीअर आपली यंत्रे घेऊन ब्रिस्टल शहरी आला. या शहराचा मुख्य रस्ता दोन राज्यांच्या सरहद्दीवरून जातो. एका फुटपाथवर टेनेसीचा अंमल, तर समोरच्यावर व्हर्जिनियाचा. त्या रस्त्यावरील टोप्यांच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत, भिंतींना जाड कापडे टांगून त्याने मुद्रणाची जागा तयार केली. प्रथम गायक फारसे फिरकले नाहीत. तेव्हा त्याने तेथील वर्तमानपत्राच्या बातमीदारास बोलावून आणले, आणि अर्नेस्ट स्टोनमन या शेजारच्याच मुलखातील गायकाने तबकड्यांवर मागल्या वर्षी 3,600 डॉलर मिळविल्याची वार्ता छापून आली. गरीब माणसाच्या घरी त्या आकड्याने काय खळबळ उडविली असेल हे सांगावयास नको. बसने, आगगाडीने, घोड्यावरून आणि पायी लोक येऊ लागले. 25 जुलै ते 5 ऑगस्ट या अवधीत 19 मेळ्यांची 76 गाणी तेथे मुद्रित झाली.

कार्टर मंडळी मेसेस स्प्रिंगहून भावाची मोटार मागून निघाली. मेबेल अठरा वर्षांची, आणि तिचे दिवस भरत आले होते, त्यामुळे एझ्रा तिला पाठविण्यास नाखूश होता. तुझ्या मक्याच्या शेताची खुरपणी मी करून देतो, या बोलीवर ऑल्विनने त्याचे मन वळविले, असे घरात सांगतात. साराचा मुलगा ज्यो पाच महिन्यांचा, अंगावर पिणारा; त्यास सांभाळण्यास आठ वर्षांची थोरली मुलगी ग्लॅडिस बरोबर घेतली होती. सुमारे 25 मैलांचा तो प्रवास, परंतु रस्ता खडकाळ, मध्ये नदी उतरावयाची आणि टायर वारंवार फुटावयाचे, त्यात सबंध दिवस गेला. 1 ऑगस्ट रोजी त्यांनी मेणाच्या तबकडीपुढे चार गाणी म्हटली आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन. साराने पहिल्या काही ओळी म्हणताच पीअरच्या ध्यानी आले की, हे माणूस निराळे आहे. दर गाण्यास 50 डॉलर रोख या हिशेबाने मोबदला घेऊन मंडळी घरी परतली. ज्याने त्या मक्याच्या खुरपणीचा वायदा केला होता त्याने तो पाळला की नाही, याबद्दल इतिहास मौन आहे. दोनच दिवसांनी त्याच खोलीत जिमी रॉजर्स या मिसिसिपीच्या रेल्वेकामगाराने आपली पहिली तबकडी काढली. म्हणून त्या पंधरवड्यामुळे ब्रिस्टलला कंट्री संगीताचे जन्मस्थान मानण्याची वहिवाट पडली आहे.

तबकड्या खपल्या. पुढील वर्षी मे महिन्यात व्हिक्टर कंपनीने त्यांना न्यू जर्सीतील कॅम्डन येथील आपल्या मुख्य ठाण्यास बोलाविले, आणि तेथे ज्या गाण्यांनी कार्टर हे नाव घरोघर नेले, त्यांतील 'वाइल्डवुड फ्लॉवर' व 'कीप ऑन द सनी साइड' ही दोन मुद्रित झाली. मिळालेल्या पैशातून मेबेलने 275 डॉलरची गिब्सन गिटार घेतली. गरीब खोऱ्यात त्या किमतीची दुसरी वस्तू क्वचितच असेल. परंतु यशाबरोबर एक अडचणही आली. पीअरला प्रत्येक बैठकीस नवी गाणी हवी असत, आणि नवी म्हणजे ज्यावर दुसऱ्याचा दाखला निघणार नाही अशी. घरातील साठा तर लवकरच संपत आला. ऑल्विन गाण्यांचा शोध घेण्यास बाहेर पडला. कलमे विकणारा माणूस आता त्याच वाटांनी गाणी मागत फिरू लागला.

या भटकंतीत त्यास एक सोबती लाभला आणि त्याचे नाव सांगितल्यावाचून हा वृत्तान्त प्रामाणिक होणार नाही. उत्तर कॅरोलायनातील बर्न्सव्हिल येथे जन्मलेला लेस्ली रिडल हा निग्रो तरुण टेनेसीतील किंग्जपोर्ट शहरी राहत असे. सिमेंटच्या कारखान्यातील अपघातात त्याने एक पाय गमावला होता, आणि पुढे एका हाताची दोन बोटेही गेली होती. उरलेल्या बोटांनी तो अशी गिटार वाजवी की, मेबेलने त्याच्याकडून धडे घेतले. 1928 च्या सुमारास ऑल्विनची व त्याची गाठ पडली. दोघे मोटारीने वा पायी एखाद्या आडगावी पोचत, आणि ऑल्विन कोणाच्याही दारी उभा राहून, आपल्याकडे जुनी गाणी येणारे कोणी आहे काय, असे विचारी. एखादी म्हातारी लाजत लाजत म्हणू लागे. ऑल्विन मिळेल त्या कागदाच्या चिटोऱ्यावर शब्द उतरवून घेई. चाल टिपून घेणे मात्र त्यास साधत नसे. ती रिडल एकदा ऐकून डोक्यात साठवून ठेवी, आणि मेसेस स्प्रिंगला आल्यावर सारा व मेबेल यांना वाजवून दाखवी. ज्या दक्षिणेत गोऱ्या व काळ्या मनुष्यांनी एका टेबलाशी जेवणे हा अपराध समजला जाई, तेथे हा इसम कार्टरांच्या घरी आठवडेच्या आठवडे राही, ही गोष्ट कार्टरच्या पक्षी नमूद करण्याजोगी आहे. परंतु तबकडीवर आणि हक्कांच्या दप्तरात रिडलचे नाव चढले नाही, हीही गोष्ट तितक्याच स्पष्टपणे नमूद केली पाहिजे.

याच पर्वतराजीत दहा-बारा वर्षे आधी दुसरा एक संग्राहक हिंडून गेला होता. सेसिल शार्प हा इंग्रज विद्वान 1916 ते 1918 या काळात मॉड कार्पेलेस या साहाय्यिकेसह अॅपलाचियन डोंगरांत फिरला, शेकडो गायकांकडून त्याने गाणी स्वरलिपीत उतरवून घेतली आणि ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याचे ऋण मोठे आहे. पण त्याचा डोळा जुन्या इंग्लंडच्या अवशेषांवर होता. उपासनेची नवी पदे, निग्रोंची गाणी, बाजारातील छापील गीते यांकडे तो पाठ फिरवी, कारण त्यात त्यास भेसळ दिसे. कार्टरला शुद्ध-अशुद्धाचा विधिनिषेध नव्हता. गाणे म्हणण्याजोगे आहे ना, साराच्या गळ्यास ते मानवेल ना, आणि त्यावर कोणाचा दावा नाही ना, एवढ्या तीनच कसोट्या तो लावी. परिणाम असा झाला की, खेड्यातील माणसे प्रत्यक्षात काय गात होती याचे अधिक खरे चित्र पंडिताच्या ग्रंथापेक्षा या कलमेविक्याच्या तबकड्यांत उतरले.

येथे प्रश्न येतो की, या संग्रहात कार्टरचे स्वतःचे असे काय होते. त्याचे उत्तर एका उदाहरणावरून देता येईल. 1907 साली अदा हॅबर्शन या कवयित्रीने व चार्ल्स गेब्रियल या संगीतकाराने एक उपासनागीत प्रसिद्ध केले होते. मृत्यूनंतर आप्तांची साखळी स्वर्गात पुन्हा जोडली जाईल काय, असा त्यातील प्रश्न असून त्याचे प्रतिपादन सर्वस्वी धर्मोपदेशकाच्या थाटाचे होते. 1935 साली कार्टर कुटुंबाने जे गीत मुद्रित केले त्याचे ध्रुपद तेच, थोडे बदललेले. पण कडवी पालटली आहेत. आता तेथे उपदेशक नाही. ढगाळ दिवशी खिडकीशी उभे राहून, आईस न्यावयास येणारी शववाहिका बघणारे एक लेकरू आहे. ते गाडीवानास सावकाश हाक म्हणून विनविते, प्रेतयात्रेच्या मागोमाग चालते, धीर धरू म्हणता धरवत नाही, आणि परत येते तो घर सुने पडलेले. सिद्धान्ताच्या जागी एक दुपार आली. जो प्रश्न मूळ गीतात ईश्वराच्या न्यायव्यवस्थेविषयी होता तो येथे रिकाम्या घरात विचारला गेला, म्हणून ऐकणाऱ्यास त्याचे उत्तर ठाऊक असूनही तो प्रश्नच वाटत राहतो. असा पालट करण्यास प्रतिभा लागते, आणि त्या प्रतिभेस कर्तृत्व म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

सर्वच ठिकाणी असा पालट झाला असे मात्र नाही. 'वाइल्डवुड फ्लॉवर' हे 1860 साली छापलेले दिवाणखान्यातील गीत. जोसेफ वेब्स्टर याची चाल असलेले ते गाणे पिढ्यानपिढ्या तोंडातोंडी फिरत सारा व मेबेल यांच्या घरी पोचले होते, आणि वाटेत त्यातील फुलांची नावे इतकी झिजली की, काही ठिकाणी कोणत्या फुलाचा उल्लेख आहे हे वनस्पतिशास्त्रज्ञासही सांगता येऊ नये. येथे ऑल्विनची कामगिरी अल्प, मेबेलच्या अंगठ्याची मोठी. आज जगभर हे गाणे गिटार शिकणाऱ्यांचा पहिला पाठ झाले आहे ते तिच्यामुळे. 'वाबॅश कॅननबॉल' या आगगाडीच्या गाण्याचे मूळ तर 1882 पर्यंत मागे जाते, आणि 1904 साली ते याच नावाने दुसऱ्याच गृहस्थाने प्रसिद्ध केलेले होते; तरीही पुढील काळातील कित्येक तबकड्यांवर कर्ता म्हणून ए. पी. कार्टर हेच नाव छापलेले आढळते. नोंद करणाऱ्या कारकुनास एक नाव हवे असे. ते मिळाले की खाते बंद होई, आणि त्या नावाच्या मागे उभी असलेली माणसे खारीज होत.

तबकड्यांच्या उत्पन्नावर मंडळींचा संसार थाटात चालला असेल अशी कल्पना होणे साहजिक आहे, पण तसे नव्हते. गाणी विकली जात तेव्हा मोठा वाटा पेढीकडे व कंपनीकडे जाई, आणि 1929 नंतरच्या मंदीत तबकडी विकत घेण्याची ऐपतच खेड्यात उरली नाही. ऑल्विनला काही काळ कामाच्या शोधात डेट्रॉईटला जावे लागले. एरवी शाळागृहांतून व चर्चमधून कार्यक्रम होत. त्यांच्या हस्तपत्रकांवर तिकीट 15 व 25 सेंट असे छापलेले असून, कार्यक्रम नीतीच्या दृष्टीने चांगला आहे, अशी हमीही दिलेली असे. गावोगाव फिरणाऱ्या तमासगिरांविषयी सभ्य कुटुंबांच्या मनात जी शंका असे तिचे निरसन करण्यासाठी ते वाक्य आवश्यक होते. कंदिलाच्या उजेडात, खुर्चीवर ताठ बसून, रविवारच्या पोशाखात या दोन स्त्रिया गात, आणि ऑल्विन पुढे येऊन प्रत्येक गाण्याची हकिकत सांगे.

या उद्योगाची सर्वांत मोठी किंमत साराने दिली. नवरा गाणी गोळा करण्यास जाई तो कित्येक दिवस परतत नसे. मागे तीन मुले, शेत, सरपणाची तोड आणि गुरे तिच्या एकटीच्या अंगावर. तिला स्वतःला लौकिकाची हौस फारशी नव्हती. ऑल्विनने आपल्या गैरहजेरीत तिच्या मदतीस आपला मामेभाऊ कॉय बेज यास ठेवले, आणि त्यातून जे व्हावयाचे ते झाले. 1933 साली सारा घर सोडून पर्वतापलीकडे माहेरच्या माणसांत राहावयास गेली. बेज कुटुंब प्रकरण मिटावे म्हणून कॉयला घेऊन कॅलिफोर्नियास निघून गेले. 1936 साली काडीमोड झाला. आश्चर्य असे की, मेळा फुटला नाही. पीअरची पत्नी अनिता हिने साराची समजूत घातली, आणि ज्या पुरुषाशी बोलणे खुंटले होते त्याच्याशेजारी उभे राहून सारा विरहाची गाणी गात राहिली. त्या वर्षांतील तबकड्या ऐकणाऱ्यास तिच्या आवाजात काहीही फरक आढळत नाही. तिची निर्विकार रीती येथे कामास आली.

1938 साली त्यांना अनपेक्षित ठिकाणाहून बोलावणे आले. बोकडाच्या ग्रंथी माणसांत बसवून पौरुष परत देतो अशी जाहिरात करून लक्षाधीश झालेला जॉन ब्रिंक्ले नावाचा वैद्य अमेरिकन सरकारने आपले नभोवाणी केंद्र बंद पाडल्यामुळे मेक्सिकोच्या हद्दीत, टेक्ससमधील डेल रिओ गावासमोर नदीपलीकडे जाऊन बसला होता. तेथील 'एक्सईआरए' केंद्राची शक्ती पाच लक्ष वॉट, म्हणजे अमेरिकेत कायद्याने मान्य असलेल्या मर्यादेच्या दसपट होती. रेचके आणि केसांचे कलप यांच्या जाहिरातींच्या मधल्या जागेत कार्टरांची गाणी त्या केंद्रावरून सुटत आणि कॅनडापर्यंत ऐकू जात. ज्यांनी कधी तबकडी घेतली नव्हती अशा घरांत, बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओतून, गरीब खोऱ्याचा आवाज पोचला. 1939 च्या आरंभी साराने याच केंद्रावरून एक गाणे कॅलिफोर्नियातील कॉय बेज यास उद्देशून म्हटले. ते ऐकून तो टेक्ससला आला, आणि फेब्रुवारीत त्या दोघांचे लग्न झाले. ऑल्विन त्याच केंद्रावर नोकरीस होता. त्याने त्याविषयी काही लिहून ठेवलेले नाही.

मेक्सिकन सरकारने 1941 मध्ये ते केंद्र बंद केले, त्याच वर्षी 'लाइफ' साप्ताहिकाच्या छायाचित्रकाराने मेसेस स्प्रिंगला येऊन काढलेली कुटुंबाची छायाचित्रे पर्ल हार्बरच्या गडबडीत छापावयाची राहिली, आणि 1943 साली मेळा कायमचा मोडला. सारा कॅलिफोर्नियात स्थायिक झाली. मेबेल आपल्या तीन मुलींना घेऊन रंगभूमीवर व नभोवाणीवर गात राहिली. त्यांपैकी जून पुढे जॉनी कॅश या विख्यात गायकाची पत्नी झाली. ऑल्विन खोऱ्यात परतला आणि त्याने रस्त्याच्या कडेला एक लहानसे किराणा दुकान घातले. गिऱ्हाईक बेताचेच असे. 1952 नंतर सारा व मुले यांच्यासह त्याने पुन्हा काही तबकड्या काढून पाहिल्या, पण काळ बदलला होता. 7 नोव्हेंबर 1960 रोजी तो वारला. त्याच वर्षी जोन बाएझ या तरुण गायिकेच्या पहिल्या तबकडीवर 'वाइल्डवुड फ्लॉवर' निघाले, आणि शहरी विद्यार्थ्यांची एक पिढी कार्टरांची गाणी शिकू लागली. त्यापूर्वीच, 1940 साली, वुडी गथ्री या गायकाने त्यांच्याच एका चालीवर अमेरिकेच्या भूमीचे आपले प्रसिद्ध गीत रचले होते. म्हणजे कार्टरने गायरानातून जे उचलले ते दुसऱ्यांनी त्याच्याकडून उचलले, आणि हा व्यवहार थांबला नाही.

मरणापूर्वी त्याने मुलगी जॅनेट हिच्याकडून वचन घेतले होते की, हे संगीत तू चालू ठेव. 1974 साली तिने बापाच्या त्याच दुकानात शनिवारचे कार्यक्रम सुरू केले. जागा पुरेना तेव्हा 1976 साली शेजारी 'कार्टर फोल्ड' नावाचे मोठे सभागृह बांधले, आणि तेथे विजेवर चालणारी वाद्ये आणू नयेत असा नियम केला. खोऱ्यातील माणसे तेथे अजून नाचतात. 1970 साली कार्टर कुटुंबाचा कंट्री संगीताच्या सन्मानमंदिरात समावेश झाला. लेस्ली रिडलकडे मात्र माइक सीगर हा संशोधक 1965 साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी पोचला, तोपर्यंत त्याने आपली गिटार केव्हाच विकून टाकलेली होती.

आता या चरित्राचा निवाडा कसा करावा? ऑल्विन कार्टर फिरला नसता तर शेकडो गाणी त्या त्या म्हातारीबरोबर मातीत गेली असती, हे म्हणणे खरे आहे. सेसिल शार्पने ज्यांना भेसळ म्हणून वगळले ती तर निश्चितच गेली असती. ज्यांनी ती गाणी त्यास विश्वासाने दिली त्यांना त्यातून एक पैही मिळाली नाही, हेही खरे आहे. कायदा पीअरने केला नव्हता आणि कार्टरने तर नव्हेच. परंतु कायद्यातील जी फट होती तिचा लाभ पीअरने जाणूनबुजून घेतला व कार्टरने भाबडेपणाने घेतला, आणि भाबडेपणाने घेतलेला लाभही लाभच असतो. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने नेहमी सांगावी लागेल. हक्काचे पैसे ज्याच्या पेढीत जमले तो पीअर लक्षाधीश झाला, आणि ज्याचे नाव गीतांवर छापले गेले तो आपल्या जन्मगावी किराणा विकून मेला. मालकीच्या कागदाने त्यास नाव दिले, मिळकत दुसऱ्यास दिली.

म्हणून त्याच्या तबकडीवरील नाव वाचताना ते एकाच मनुष्याचे नाव म्हणून वाचू नये. त्यात साराचा गळा आहे, मेबेलचा अंगठा आहे, रिडलची स्मरणशक्ती आहे, 1860 आणि 1907 सालांतील विस्मृत कवींची अक्षरे आहेत, आणि दारी आलेल्या त्या कंप पावणाऱ्या हातांच्या गृहस्थास आपले गाणे सांगणाऱ्या कित्येक अनामिक बायाबापड्या आहेत. कायद्यास एकच नाव हवे होते आणि परंपरेस एकही नको होते. न्यायाने हिशेब करू गेल्यास मात्र प्रत्येक गाण्यापुढे निदान चार-पाच नावे मांडावी लागतील, आणि त्या यादीत कार्टरचेही नाव राहील, कारण वाट तुडवून त्या सर्वांना एकत्र आणण्याचे काम त्याने केले.